कारणाचा रकाना

माझगावच्या रात्रशाळेत, दुसऱ्या मजल्यावर,
ट्यूबलाइट पेटायला प्रमेयापेक्षा जास्त वेळ लागतो.
तोवर मी अंधुकात वर्तुळ काढून घेते.
मोठा कंपास गेल्या जूनपासून बेपत्ता,
म्हणून हातातली बांगडी उतरवून फळ्यावर धरते
आणि खडू तिच्या कडेनं फिरवते.
वर्ग म्हणतो, बाई, तुमचं वर्तुळ किणकिणतं.

वर्ग म्हणजे एक वॉचमन, बेकरीतली दोन पोरं,
डुलक्या घेणाऱ्या लीलावती खोपकर,
आणि इब्राहिम मुकादम, वय छत्तीस.
दारूखान्यात जुनी जहाजं कापतात.
बोटांना गॅसकटरचा वास, पाढे तोंडपाठ,
कारणं मात्र एकही नाही.

कोन पस्तीस अंशांचा. समोरचा कंस किती?
"पस्तीस," मुकादम म्हणाले. "दिसतोय तेवढाच."
नाही हो.
कडेवर बसलेल्याला निम्मंच दिसतं.
मध्यभागी बसणाऱ्याला सत्तर दिसतं,
आणि कंस सत्तरचाच असतो.
तुमचं माप खोटं नाही, मुकादम,
फक्त त्याला दोननं गुणायचं विसरू नका.

त्यांनी शिरोबिंदू खोडला,
कडेवरच जरा डावीकडे नेला. पस्तीस.
आणखी पुढे. पस्तीस.
"जागा बदलली तरी?"
जागा बदलली तरी.
"आणि कंसाचं टोक ओलांडून त्याच्याच पाठीवर बसलो तर?"
तर एकशे पंचेचाळीस.
मग तोंड पलीकडच्या मोठ्या घेराकडे होतं,
तो दोनशे नव्वदचा.
मुकादम हसले. "म्हणजे आमचा शेठ."
का, ते मी विचारलं नाही.

नंतरच्या रविवारी त्यांनी मला बोलावलं.
पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडाची पानं, साखळदंड,
आणि जमिनीवर एक पितळी कडी,
कुठल्याशा बोटीच्या गोल खिडकीची,
पंधरा इंच, समुद्रानं हिरवी केलेली.
हॉटेलवाल्याला तिच्यात आरसा बसवून हवा होता.
शेठ म्हणे मापाला दोरी लाव, अंदाज घे.
मुकादमांनी सुताराकडून गुण्या आणला,
त्याचा कोपरा कडीच्या बाहेरच्या कडेवर टेकवला,
दोन्ही भुजा कड ओलांडत होत्या तिथे खडूनं खुणा केल्या.
काटकोन नव्वद, म्हणून कंस एकशे ऐंशी,
म्हणून खुणेपासून खुणेपर्यंत ताणलेला दोरा
हा व्यास, दुसरं काही असूच शकत नाही.
गुण्या हलवला. दुसरा दोरा.
जिथे दोरे एकमेकांना भेटले
तिथे कडी नव्हतीच.
तिथे हवा होती, आणि हवेखाली पत्रा.
त्यांनी ओळंबा धरला, पंच ठेवला,
एकच ठोका घातला.
मी बावीस वर्षं हे प्रमेय शिकवते.
केंद्राचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

मार्चमध्ये परीक्षा. तोच प्रश्न आला, तीन गुणांचा.
विधानाच्या रकान्यात त्यांनी बरोबर उत्तर लिहिलं.
कारणाच्या रकान्यात, त्यांनीच सांगितलं मला,
"गुण्या लावून बघितलं आहे."
एक गुण मिळाला म्हणे. कदाचित अर्धा.
गणितात एकूण तेहतीस. पास होण्यापुरते
पस्तीस लागत होते.
आकडा ऐकून आम्ही दोघंही गप्प बसलो,
मग खोपकर बाई झोपेतून उठून म्हणाल्या,
"दुप्पट करा की मेले."

आता माझ्या खिडकीतून गोदीच्या दोन क्रेन दिसतात,
डोळ्यापाशी बोटं धरून मी त्यांच्यातला कोन मोजते.
चाळीसच्या आसपास.
कुठल्या वर्तुळाच्या कडेवर माझी ही खोली आहे,
ठाऊक नाही.
जुलैच्या फेरपरीक्षेचा अर्ज टेबलावर आहे,
इब्राहिम हसन मुकादम, विषय एकच.
'अर्ज करण्याचे कारण'
हा रकाना त्यांनी माझ्यासाठी कोरा सोडलाय.